बत्तिसावा काटा

वाशीमच्या भाजीबाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत रऊफमियांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे सहा बाय नऊची खोली. भिंतीवरच्या खुंट्यांना जुन्या तराजूंच्या दांड्या टांगलेल्या आणि टेबलावर पोट उघडून पडलेले इलेक्ट्रॉनिक काटे. दांड्यांचं काम रऊफमियांचं, इलेक्ट्रॉनिक काट्यांचं त्यांच्या लेकीचं, शाजियाचं. ही वाटणी कोणी बसून केलेली नव्हती. चार वर्षांपूर्वी शाजिया कॉम्प्युटरची डिग्री घेऊन कॉलेजातून बाहेर पडली, नोकरी लागेपर्यंत दुकानात बसते म्हणाली, आणि बसली ती बसलीच.

तिथं बसून तिने एक वेब सर्व्हर लिहिला. आपण मोबाइलवर एखादं पान उघडतो तेव्हा ते कुठल्यातरी मशीनमधून कोणीतरी काढून द्यावं लागतं. ते काढून देणारा प्रोग्राम म्हणजे वेब सर्व्हर. जगात असे सर्व्हर ढिगाने आहेत, आणि शाजियापेक्षा शहाण्या माणसांनी लिहिलेले आहेत. पण ते सगळे अंगाने भारी. शाजियाला हवा होता तो मैत्रिणीसाठी, आणि मैत्रिणीकडे मशीन म्हणून होता भंगारातून उचललेला एक वायफायचा राऊटर.

मैत्रीण म्हणजे आसेगावची रुचिका. तिच्या घरचा भाजीचा मळा, आणि ती स्वतः बाजारातल्या एका अडतीवर लिखापढीला. सकाळचा हर्रास, म्हणजे लिलाव, उरकला की वांगी कशी गेली, मेथी कशी गेली, ते ती त्या राऊटरमधल्या पानावर टाकायची. आसपासच्या गावांतले मळेवाले ते बघून उद्याचा माल वाशीमला आणायचा की मंगरूळपीरला न्यायचा हे ठरवायचे. खुद्द रुचिकाचे वडील, रंगराव, पान पाहिल्याशिवाय गाडीत कोथिंबिरीची जुडी चढवत नसत.

राऊटरात मावावा म्हणून शाजियाने आपला सर्व्हर छाटून छाटून एवढासा केला. नाव ठेवलं 'पासंग'. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या पारड्याला खडा बांधतात, तो पासंग. मोठमोठ्या सर्व्हरांच्या पासंगालाही हा पुरणार नाही, तर निदान नाव तरी खरं असू दे, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतर तिने पासंगची पहिली पक्की आवृत्ती इंटरनेटवर खुली केली. कोड उघडा, कोणीही घ्या, वापरा, बदला, फक्त लिहिणारीचं नाव पुसू नका. दहा-वीस जण घेतील असं तिला वाटलं होतं. होळीपर्यंत आकडा दोन हजारांवर गेला. एकाने तो कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडणाऱ्या यंत्रात बसवल्याचं फोटोसकट कळवलं. बाकीचे कोण, कुठले, हे समजायला मार्ग नव्हता.

नागपूरच्या एका कंपनीने मात्र स्वतःहून गाठलं. सोलर पंपावर बसवायच्या डब्यांत त्यांना पासंग हवा होता, आणि सोबत तो लिहिणारीही हवी होती. दोन मुलाखती झाल्या. मेच्या एक तारखेला रुजू व्हायचं ठरलं, फक्त शेवटचा कागद यायचा राहिला. शाजियाच्या अम्मीने, जमीलाबींनी, तेवढ्यासाठी पेढे थांबवून धरले होते. सांगून मात्र सगळ्या गल्लीला झालं होतं.

अशात एप्रिलमध्ये एका दुपारी तोमास नावाच्या माणसाचा मेल आला. माणूस युरोपातल्या कुठल्याशा गावचा, ओळखीचा ना पाळखीचा. त्याने लिहिलं होतं, की पासंगला ठरावीक लांबीचा मजकूर पाठवला तर एक अक्षर आपल्या जागेबाहेर सांडतं, आणि तेवढ्या फटीतून आत शिरून कोणीही ते मशीन ताब्यात घेऊ शकतो. नुसतं लिहिलं नव्हतं, करून दाखवलं होतं. शेवटी म्हटलं होतं, 'महिनाभर मी कुठे बोलणार नाही. लोकांना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.'

शाजियाने हातातला काटा बाजूला ठेवला. कोड उघडून बघते तर चूक इतकी बाळबोध की कोणाला दाखवायचीही लाज वाटावी. पोत्याचं तोंड बांधायला बरोबर तोंडाच्या मापाची सुतळी कापायची आणि गाठीपुरती वर ठेवायचीच नाही, असं तिने केलं होतं. मजकूर जिथे संपतो तिथे संपल्याची खूण ठेवायला एक घर जास्त लागतं. ते घर पूर्वी होतं. सर्व्हर लहान करण्याच्या नादात तिनेच कधीतरी छाटून टाकलं होतं. ते परत जोडायला तिला दहा मिनिटं लागली.

सांगायचं कसं, यात मात्र दोन दिवस गेले. नवी आवृत्ती काढली की काय बदललं ते सोबत लिहायचं असतं. लोक तेवढंच वाचतात आणि घ्यायची की नाही ते ठरवतात. तिने 'गंभीर दोष' असं लिहिलं आणि खोडलं. नागपूरवाले वाचतील. ज्या पोरीला दोरी मोजता येत नाही तिच्या भरवशावर ते हजारो पंप कशाला टाकतील? एक तारखेला पंधरा दिवस उरले होते. कोणाचं काही बिघडल्याचं अजून ऐकिवात नाही, दुरुस्ती तर झालीच आहे, मग गाजावाजा कशाला? असं स्वतःला पटवत तिने नवी आवृत्ती टाकली, पुढे 'किरकोळ सुधारणा' एवढे दोन शब्द लिहिले, आणि सुटल्यासारखं वाटून चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी ती रुचिकाच्या अडतीवर गेली.

"राऊटरवर नवा पासंग चढवून घे," ती म्हणाली.

"काय बदललं त्याच्यात?"

"थोडंसंच."

रुचिकाने मोबाइलवर वाचून पाहिलं. "किरकोळ सुधारणा. तूच तं लिवलं हाये. मंग कायले हात लावू बाई? चांगलं चालून राह्यलं. लगनसराई हाये, एक दिवस पान बंद पडलं तर बाबा मले घरात नाई घ्यायचे."

"दे इकडं, मीच करून देते."

"आता नको. पावसाळ्यात पाहू. किरकोळच हाये नं?"

"हो," शाजिया म्हणाली. इतकं सहज म्हणाली की तिची तीच चपापली.

दुकानाकडे येताना तिला त्या 'हो'ची चीड आली. सख्खी मैत्रीण, समोर उभी राहून सांगितलं, तरी तिने नवी आवृत्ती घेतली नाही. आणि तिचं काय चुकलं? जे लिहिलं होतं त्यावर तिने विश्वास ठेवला. मग त्या दोन हजारांनी दुसरं काय केलं असेल? कोंबडीवाल्याचं दार तसंच उघडं असणार. आणि उद्या कोणी रुचिकाच्या पानात शिरून भाव फिरवले, तर रंगराव त्या भावावर भरवसा ठेवून गाडी भरतील आणि इथे येऊन तोंडात मारल्यासारखे उभे राहतील.

दुकानात जमीलाबी डबा घेऊन आल्या होत्या. घरात त्यांची उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी चाले, भांडताना मात्र शुद्ध वऱ्हाडी. शाजियाने दोघांना सगळं सांगितलं, सुतळी आणि गाठीसकट. रऊफमियांना लगेच समजलं.

"सुधरवलं नं तू?" जमीलाबी म्हणाल्या. "मंग झालं! ढिंढोरा कायले पिटतं? तुह्या अब्बानं पिटला होता एकदा. भोगलं कोनं? मी!"

शाजियाला ते चांगलं आठवत होतं. ती चौथीत होती. रऊफमियांनी तराजूंच्या दांडीखाली घातलेलं पोलाद नरम निघालं. दोन महिन्यांत ते झिजून तराजू एका अंगाला झुकायला लागले. लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी ऑटोला भोंगा बांधून आठवडी बाजारात फिरवला: रऊफ काटेवाल्याकडून दिवाळीनंतर नेलेले काटे वापरू नका, परत आणा. शाळेत पोरं तिला 'खोट्या काट्याची पोरगी' म्हणू लागली. जमीलाबी वर्षभर कोणाच्या लग्नाला गेल्या नाहीत. घरात त्यानंतर हा विषय कोणी काढला नव्हता.

"अब्बा, किती काटे होते ते?" शाजियाने विचारलं.

"सत्तावीस."

"आले सगळे परत?"

रऊफमियांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एकतीस आले."

"गेले सत्तावीस आन आले एकतीस?" शाजियाने विचारलं.

"चार आपले नोतेच. दुसऱ्या दुकानचे. मी म्हनलं, बाबा, हे माह्या हातचं काम नाई, ज्यानं केलं त्याच्याकडं जा. तं म्हनते, तो कायले सांगन आमाले? तू सांगतलं, तूच पाय." रऊफमिया त्या चौघांवर अजून चिडलेले होते. "फुकट पाहून द्या लागले चारी. दोघाइचे तं चांगलेच होते. उगाच माहा दिवस खाल्ला."

जमीलाबींचा हात डब्यावरच थांबला. "हे मले काहून नाई सांगतलं कदी?"

"तू माह्यासंग बोलतच नोती त्या टायमाले. कोनाले सांगू?"

जमीलाबींनी नवऱ्याच्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

शाजियाने जेवण अर्धवट सोडून लॅपटॉप ओढला. या वेळी खोडाखोड झाली नाही. तिने लिहिलं: 'पासंगच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्यांत माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे. त्या वापरू नका, नवी आजच बसवा. ही चूक तोमासने दाखवली. काल याच दुरुस्तीला मी किरकोळ म्हटलं होतं. ते खोटं होतं.' हेच इंग्रजीत लिहिलं, आणि नागपूरला कोणाकडून कळण्याआधी आपणच पाठवलं. मग परत अडतीवर गेली.

रुचिकाने सगळं ऐकून घेतलं आणि राऊटर तिच्यापुढे आदळला. "सकाळी काहून नाई बोलली? माह्या बाबाच्या मालाचा सवाल होता, शाजिया." काम होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि पुढचे आठ दिवसही नाही. शाजियाला ते पुढे आलेल्या नागपूरच्या उत्तरापेक्षा जास्त लागलं.

नागपूरचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. 'तूर्त हा विचार थांबवत आहोत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' शाजिया रडली. टेबलावर डोकं टेकून रडली, आणि टेबलावर एक दुरुस्त झालेला काटा चालू होता, डोकं नेमकं त्यावर टेकलं आणि त्याने वजन दाखवलं: तीन किलो आठशे. रऊफमियांनी आकडा वाचला, मुकाट्याने काट्याचं बटण बंद केलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पेढ्यांचं काय झालं, असं गल्लीत कोणीतरी विचारलंच. जमीलाबी दारात उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नोकरी गेली. पोरीनं आपली चूक आपल्या तोंडानं सांगतली म्हनून गेली. अजून काही इचारायचं हाये?"

इंटरनेटवर काहींनी शाजियाला धारेवर धरलं, काहींनी पासंग काढून टाकला. पण आठवडाभरात पंधराशेवर लोकांनी नवी आवृत्ती घेतली. कोंबडीवाल्याने परत फोटो पाठवला. रुचिका नवव्या दिवशी मेथीच्या दोन जुड्या घेऊन दुकानात आली आणि काही झालंच नाही अशा थाटात बसली.

मेच्या एक तारखेला, ज्या दिवशी नागपुरात असायचं त्या दिवशी, शाजिया एका किराणा दुकानाचा काटा उघडून बसली होती. तोमासचा मेल आला. त्याने लिहिलं होतं, 'मीही एक लहान प्रोग्राम लिहिलेला आहे. आठ वर्षं लोक तो वापरतात आणि आजवर कोणी तपासलेला नाही. तुमचं ते निवेदन वाचल्यापासून वाटतंय की तो तुमच्या नजरेखालून जावा. दोष निघाला तर सांगा. मीही लोकांना सांगेन.' सोबत सगळा कोड होता.

तिने दोनदा वाचलं.

"काय आलं?" दांडी घासता घासता रऊफमियांनी विचारलं.

"बत्तिसावा काटा आला, अब्बा."

रऊफमियांचा हात थांबला. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आपला हाये का?"

"नाई. दुसऱ्याचा."

"मंग फुकटच पाहून द्या लागन," रऊफमिया कुरकुरले, आणि टेबलावरच्या दांड्या बाजूला सरकवून त्यांनी तिच्या लॅपटॉपला जागा करून दिली.