राहीच्या बंदुकीला भैरवनाथाचा कौल

आमच्या घरात शहाणे फार, आणि शहाण्यांच्या हाती दुनळी बंदूक आली की काय होतं ते मी, मुक्ताबाईनं, या डोळ्यांनी पाहिलंय. बंदूक माझ्या भावाची, कारभारीदादाची. तिच्यावर डोळा दोघांचा. एक त्याची धाकटी लेक राही, वय सोळा. दुसरा थोरला जावई रंगनाथ. या बाप्याचा जन्मात एकदाच नेम लागला, तोही शेजारणीच्या रांजणाला.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिसगावच्या जत्रेत नेमबाजी ठरली. कुंभाराची परळं, म्हणजे मातीच्या पसरट थाळ्या, हवेत फेकायची, एका परळाला एकच बार. दादा राहीला म्हणाला, "तिन्ही फोडलीस तर बंदूक तुजी. एक जरी चुकलं, तर जावयाची." पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. माझंही पळालं, कारण त्या घरात माझा जीव असेल तर याच कार्टीवर.

आता प्रश्न नळीचा. उजव्या नळीचं तोंड मोकळं. छर्रे लगेच पसरतात, जवळचं टिपायला बरी. डाव्या नळीचं तोंड आवळलेलं, त्याला साहेब लोक चोक म्हणतात. तिचे छर्रे लांबपर्यंत एकजुटीनं जातात. राही म्हणाली, "मी दोनीबी मारून बघते." पण काडतुसांची टंचाई, आणि आमच्याकडे अडलं की देवाला विचारायची रीत.

निघाली वरात भैरवनाथाच्या देवळात. गोरक्षनाथ गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. ज्या बाजूची आधी पडेल, ती नळी. देव बराच वेळ ढिम्म. मग एक पाकळी पडली.

"उजवी!" दादा ओरडला.

"ती आपली उजवी," गुरव म्हणाला. "देव आपल्याकडं तोंड करून बसलाय. त्याची ती डावी. कौल देवाच्या अंगानं धरत्यात."

"पन बंदूक काय देव चालवनार हाय?" छबूवहिनीनं, राहीच्या आईनं, विचारलं.

झालं! देवळात दोन तट पडले. पटवून द्यायला गुरव बंदूक घेऊन देवाशेजारी, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि सगळी मंडळी खांबांआड पळाली. बंदूक रिकामी होती, पण गुरवाचा काय भरवसा!

राहीनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. "आत्या, परळ जवळ पडनार का लांब, ते अजून देवाला तरी कुठं ठावं हाय?"

मी तिला दटावलं. देवळाच्या दारात असं बोलतात होय?

जत्रेत परळं फेकायला रंगनाथ आपणहून पुढे झाला. सासऱ्याची एवढी सेवा त्यानं कधी केली नव्हती. पहिली दोन परळं त्याच्या हातून निसटून जवळच भिरभिरली. राहीनं उजव्या नळीनं दोन्ही उडवली. दादाचा तट नाचायला लागला.

तिसऱ्याला रंगनाथानं धोतर खोचलं, लांबून पळत आला आणि असं भिरकावलं की परळ थेट चिंचेवरून गेलं.

"उजवीच मार!" दादा ओरडला.

"डावी, डावी!" गुरव ओरडला.

राहीनं कुणाकडेच पाहिलं नाही. तिनं पुढच्या, उजव्या नळीच्या चापावरचं बोट मागच्या, डावीच्या चापावर नेलं, परळाच्या मागं नळी फिरवली, आणि मी डोळे मिटले. बार झाला. डोळे उघडले तर चिंचेपलीकडे फुटल्या परळाची तांबडी धूळ उडत होती. मला रडूच कोसळलं.

दोन्ही तट "आमचाच कौल खरा" म्हणून एकमेकांच्या अंगावर गुलाल फेकू लागले. दादानं राहीच्या हातून बंदूक काढून घेतली आणि तो सरळ जावयाकडे चालू लागला. मला काही कळेना. राहीचा चेहरा उतरला. रंगनाथानं घाईघाईनं हात धोतराला पुसून पुढे केले. दादानं बंदूक त्याच्या हातात ठेवली.

"जावईबापू, घरापोतूर तेवढी धरा," तो म्हणाला. "मालकिनीचा खांदा दुखतोय."