बारा कुळांचा पडदा

मी जांभळ्या मखमलीचा एक जुना पडदा आहे. गालीलमधल्या टेकडीवर ज्यू लोकांचं छोटं प्रार्थनालय आहे, तिथे पवित्र ग्रंथाच्या कपाटापुढे चाळीस वर्षं टांगलेला आहे.

मित्रांनो, मला दोघी शेजारणींनी शिवलं. एक पोलंडहून आलेली गिटल, दुसरी येमेनची नदरा. इस्राएलाच्या बारा कुळांची चिन्हं त्यांनी माझ्यावर भरली. यहूदाचा सिंह, नफतालीचं हरीण, जबुलूनचं गलबत. इस्साखाराचं गाढव भरताना नदरा म्हणाली, "हे तुझ्या नवऱ्यासारखं दिसतंय गं."

"मग कान अजून लांब कर की," गिटल म्हणाली.

गिटल सांगायची, आभाळाला बारा दारं आहेत, प्रत्येक कुळाची प्रार्थना आपापल्या दाराने आत जाते. देवाने ठेवलेली दारं आपण का बुजवायची?

पुरुषांना हे पटलं नाही. नदराचा नवरा यिह्ये येमेनी चालीत प्रार्थना म्हणे, गिटलचा गेडाल्या पोलिश चालीत. वडिलांची चाल सोडायला दोघंही तयार नव्हते. अखेर येमेनी मंडळी अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत गेली. मी इकडेच राहिलो. पुढे तरुण शहरात गेले, बाकं रिकामी झाली, माझ्या घड्यांत धूळ बसली.

मग गिटल वारली. मूलबाळ नव्हतं. पुण्यतिथीला तिच्यासाठी कद्दिश म्हणायची होती, आणि त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इकडे नऊच होते, पलीकडे आठ.

ऊन कलल्यावर यिह्ये उंबऱ्याशी आला. "नदराने पाठवलंय. दहावा मी होईन. फक्त माझं मी माझ्या रीतीने म्हणेन, मनातल्या मनात."

"इथे उभं राहायचं तर आमच्या रीतीने," गेडाल्या म्हणाला.

"बायको तुझी गेलीय रे बाबा."

"म्हणूनच. तिच्या दिवशी भेसळ नको."

यिह्ये जरा घुटमळला आणि निघून गेला. सूर्य बुडाला, आणि ज्यूंच्या रीतीने तो दिवसही संपला. गेडाल्याने माझी कड मुठीत धरली. तिचेच टाके होते ते. कद्दिश राहिली ती राहिलीच.

"पुढच्या वर्षी मीच जाईन त्याला बोलवायला," असं तो एकदा माझ्यापुढे पुटपुटला होता. पण ती पुण्यतिथी यायच्या आतच तोही गेला.

इकडे आठ उरले. गिटलच्या पुण्यतिथीला पलीकडचे सगळे न बोलावता आले. यिह्येने माझ्यापुढे उभं राहून, आपल्या येमेनी उच्चारांत, नवराबायको दोघांसाठी कद्दिश म्हटली. सगळ्यांनी एका आवाजात आमेन म्हटलं. कुणी चूक काढली नाही. काढणारा आता नव्हता.

मित्रांनो, माझी धूळ कुणी झटकली नाही तरी चालेल. पण उंबऱ्याशी आलेल्या माणसाला त्याच्या चालीसकट आत घ्या, आणि त्याच दिवशी घ्या. गिटलला तिची प्रार्थना मिळाली खरी, पण नवऱ्याचा जो आवाज तिला ऐकायचा होता तो त्यात नव्हता.