बारा उंदरांच्या कवळ्या

कवळीवाले मामा म्हणजे भारी कडक माणूस. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना दात बसवून दिले आणि प्रत्येकाला एकच तंबी दिली: रात्री कवळी काढायची, पाण्यात ठेवायची. निवृत्त झाले तेव्हा आता हातांना काम काय, या काळजीनं ते अर्धे झाले होते. तेवढ्यात त्यांच्या संशोधक भाचीनं त्यांना प्रयोगशाळेत बोलावून घेतलं आणि उंदरांसाठी कवळ्या करून मागितल्या.

मामांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. कवळी लावणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टाळूवर बुरशी धरते, टाळू लालभडक होते. त्यावर औषध शोधायचं तर तीच बुरशी आधी उंदराच्या टाळूवर धरायला हवी, आणि त्यासाठी उंदराला कवळी हवी. दात त्यांचे शाबूत, म्हणून नुसती टाळूवर बसणारी नखाएवढी पट्टी, बारीकशा लोहचुंबकानं धरलेली. मामांनी बारा उंदरांच्या टाळूंचे ठसे घेतले, भिंग लावून पट्ट्या घासल्या, आणि एकही उंदीर तक्रार करत नाही हे भेटेल त्याला सांगत सुटले. माणसांनी त्यांना एवढं सुख कधीच दिलं नव्हतं.

भाची रोज सकाळी पट्टीखाली बुरशी लावायची. आठ आठवडे झाले तरी टाळू आपल्या गुलाबीच. एकट्या सात नंबरची लाल होती, पण तो पहिल्यापासूनच खडूस. त्याला दुसरंच काही झालं असेल म्हणून तिनं त्याला बाजूला काढलं होतं. सोमवारी समिती येणार होती. बुरशी धरली नाही तर प्रयोग बंद, तीन वर्षांची मेहनत पाण्यात. भाची जेवणाचा डबा न उघडताच बसून राहू लागली. मामा वरवर हळहळायचे, पण त्या गुलाबी टाळू पाहून त्यांची छाती फुगायची, खोटं कशाला बोला. कवळी बसावी तर अशी, असं त्यांना वाटायचं.

शुक्रवारी दुपारी भाची पिंजऱ्यांसमोर कपाळाला हात लावून बसली. पट्टी रात्रंदिवस तोंडात असताना बुरशी धरत नाही, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही, असं ती म्हणाली. ‘रात्रंदिवस’ ऐकल्यावर मामांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी निघायचे ते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे तेही तेच. मधल्या वेळात पट्ट्या वाटीत, स्वच्छ पाण्यात.

गप्प बसावं असं त्यांच्या मनात आलंही. पण पोरीचे डोळे भरून आले होते.

“मी रोज रात्री काढून ठेवायचो,” मामा म्हणाले. “चाळीस वर्षांची सवय गं. हात ऐकत नाही.”

भाचीनं सगळ्या पिंजऱ्यांवरून नजर फिरवली. मग तिनं विचारलं, बाराच्या बारा? मामांनी बोट पुढे केलं. त्यावर दातांच्या दोन खुणा होत्या. सात नंबर चावतो, म्हणून त्याच्या वाटेला ते पुन्हा गेले नव्हते.

भाची ताडकन उठली. जिथे पट्टी राहिली, तिथेच बुरशी धरली होती. एका उंदरावर काही सिद्ध होत नाही, पण समितीकडे आणखी आठ आठवडे मागायला तो पुरेसा होता. तिनं मामांकडून पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि मगच त्यांना माफ केलं.

मग तिला काहीतरी सुचलं. “आणि तुमची कवळी रात्री कुठे असते, मामा?”

मामा खिडकीबाहेर बघू लागले. भाचीनं त्यांना खुर्चीत बसवलं, कवळी काढायला लावली आणि बॅटरी मारली. टाळू सात नंबरपेक्षाही लाल होती.

“रात्री काढायची कशी?” बोळक्या तोंडानं मामा पुटपुटले. आवाज रडवेला झाला होता. “कवळी लागून अकरा वर्षं झाली, तुझ्या मामीनं मला असं एकदाही पाहिलेलं नाही.”

भाचीला हसू आवरेना. “मामा, मामीनंच सांगितलंय मला, तुम्ही घोरायला लागलात की कवळी निम्मी बाहेर येते. मामी रोज बोटानं आत ढकलते आणि मग झोपते.”