पाठपोट

माझं लिखाण पहिल्यांदा नवराच वाचतो. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली त्यानं; निवृत्त झाला तरी कानावरची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. माझ्या समासात तो लिहायचा, ‘ही बाई आत्ताच रडली. पुन्हा कशाला?’ आम्ही घरात फारसं बोलत नाही. जे काही बोलणं होतं, ते समासात.

मग लेकीनं माझ्या कागदांचे गठ्ठे पाहिले. “आई, एका कादंबरीचे सात खर्डे? झाडं काय तुझ्या माहेरची आहेत?”

मला लागलं ते. तेव्हापासून अक्षर बारीक करून, ओळी दाटीवाटीनं बसवून, पाठपोट छापू लागले. निम्म्याहून कमी कागदात काम व्हायला लागलं. मी खूश.

पण त्याच सुमारास नवऱ्याचे शेरे आटले. पानाच्या कोपऱ्यात नुसती बरोबरची खूण. रडणाऱ्या बाया रडत राहिल्या, कुणी हटकेना. त्या खुणांच्या भरवशावर एक कादंबरी छापूनही आली. मी मनात म्हटलं, कंटाळला हा माझ्या लिहिण्याला. विचारायचा धीर होईना. नवी कादंबरी निम्म्यावर आली आणि हात थांबला. कुणासाठी लिहायचं?

गेल्या महिन्यात लेक एक करडी इलेक्ट्रॉनिक पाटी घेऊन आली. पडदा कागदासारखा, चकाकी नाही, वर पेनानं लिहिता येतं.

“नवी घेतलीस?”

“मैत्रिणीची जुनी आहे. नवी आणली असती तर ती बनवायला काय काय लागतं, यावर तूच मला भाषण दिलं असतंस.”

तिनं अर्धी कादंबरी त्यात भरून दिली. मी पाटी नवऱ्यापुढे ठेवली आणि आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा पुसत बसले.

दुपार उलटली तरी तो खिडकीशीच. चहा गार झालेला. जवळ जाऊन पाहिलं, तर पडद्यावर जेमतेम दहा-बारा शब्द, प्रत्येक अक्षर बोराएवढं मोठं केलेलं.

“अगं,” तो मान वर न करता म्हणाला, “हा डॉक्टर तिसऱ्या प्रकरणात मेला ना? मग सातव्यात चहा कोण पितोय?”

“कागदावर तिसऱ्यालाही खूण आहे तुझी, सातव्यालाही. बरोबरची.”

तो बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिला. त्या पेनाला टोपण नव्हतं.

“बारीक होतं गं अक्षर. दिसत नव्हतं.”

“मग सांगायचं नाही?”

“तू एवढ्या कौतुकानं पाठपोट छापून आणायचीस. म्हटलं, हिची झाडं जगतायत, कशाला मोडता घाला.”

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. म्हणजे हा कंटाळला नव्हता. याला दिसत नव्हतं, आणि मी मात्र रुसून बसले होते.

“डॉक्टरचं काय करू?” मी विचारलं.

“मारू नकोस. बरा माणूस आहे, चहा पिऊ दे.”

मी पेनानं तिसऱ्या प्रकरणातलं मरण खोडलं. एक कागदही फुकट गेला नाही. त्यानं पाटी पुन्हा आपल्याकडे ओढली.

“आणि ती मागची छापून आलेली कादंबरी,” तो हळूच म्हणाला, “तीही लेकीला घालायला सांग यात. वाचायची राहिलीय माझी.”