वरच्या खोलीतून आलेला कागद

"या पृथ्वीतलावर अशी दोन यंत्रं नाहीत, ज्यांचं बोलणं मी घडवून आणू शकत नाही!"

टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं तारा जोडलेल्या नानांनी अशी घोषणा केली, केबल घ्यायला टेबलाखाली वाकले आणि तिथेच राहिले. कमरेत उसण भरली होती. सुनेने खांद्यांना धरून त्यांना बाहेर ओढलं.

घरात कॉम्प्युटर तीन. खाली नानांचा, शेजारी सुनेचा नवाकोरा लॅपटॉप, आणि वरच्या खोलीत नानांच्या बायकोचा, त्या यंत्राचं वय वर्षं सतरा. तिघांची ऑपरेटिंग सिस्टिम तीन पिढ्यांची. त्यामुळे एका छपराखाली राहून कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. त्या सकाळी ती वर काहीतरी टाइप करत होती. नाना खाली आपल्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवत होते. तिने वरून दोनदा हाक मारली. "थांब गं, साठ टक्के झालंय!" नाना ओरडले. शंभर टक्के झाल्यावर वर गेले, तर ती खुर्चीतच कलंडलेली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. ती काय सांगत होती, ते राहूनच गेलं.

जे काही होतं ते त्या यंत्रात होतं. त्याचा पडदा काळा पडला होता, पेनड्राइव्हची भोकं मेली होती. "उघडलं तर डिस्क जाईल," दुरुस्तीवाल्याने सांगून ठेवलं होतं. उरली होती फक्त नेटवर्कची तार.

नानांनी कण्हत वर जाऊन ती खोचली आणि बटण दाबलं. पंखा उसासा टाकावा तसा फिरला.

"दिसतंय का गं?" जिन्यातून हाक. घरातलं खरं नेटवर्क अजून हेच होतं.

"थांबा! जुन्या पद्धतीचं बोलणं माझ्या लॅपटॉपला बंद आहे. चालू करते." मग सूनबाईनेच हाक मारली. "नाना, खाली या."

यादीत एक नाव उगवलं होतं. तिच्या कॉम्प्युटरचं. पण नवी सिस्टिम चढवताना नानांनी नेटवर्कच्या गटाला 'मुख्यालय' असं नाव दिलं होतं, त्या गटात ते नव्हतं. तिच्या गटाचं नाव होतं 'माहेर'.

"दोन वर्षं तुमचं मुख्यालय सासूबाईंच्या गावीही नव्हतं," सून म्हणाली. "त्यांचं बदलून दोन्हींचं एकच नाव करू या का?"

"तिच्या कशाला हात लावायचा नाही."

संसारात एकदाही माघार न घेतलेल्या नानांनी आपल्या गटाच्या नावाच्या जागी दोन बोटांनी टाइप केलं : माहेर. सुनेने त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला प्रिंटर पूर्वीच्याच नावाने सगळ्यांना खुला केला.

आणि प्रिंटर जागा झाला.

"तू दिलंस काही?"

"मी कशाला? तुम्ही?"

दोघांचे हात मांडीवर. भर दुपारी खोलीत गारवा शिरल्यासारखं झालं. वर, रिकाम्या खोलीत, डिस्क खडखडत होती. कोणीतरी बोटं मोडावी तशी.

"नाना," सून कुजबुजली, "त्यांनी त्या दिवशी प्रिंट दिली असेल. तुमच्या कॉम्प्युटरवर तेव्हा नवी सिस्टिम चढत होती ना. ती त्यांच्या यंत्रात छापायच्या रांगेतच थांबली असणार."

कागद सरकला. ठसठशीत अक्षरात एकच शब्द उमटला : 'अहो,'

आणि कागद अडकला.

नानांनी श्वास रोखला. दोन वर्षांत त्यांना या शब्दाने कोणी हाक मारली नव्हती. सुनेने हळूच झाकण उघडलं, चुरगळलेली कड सोडवली, झाकण लावलं. नाना डोळे मिटून उभे होते. क्षमा असेल, शाप असेल, काहीही असो, तिचं असेल.

चाकं कुरकुरली. कागद बाहेर पडला. भिंतीवर चिकटवायचा असावा, इतकी मोठी अक्षरं.

नानांनी तो वाचला. जिन्याकडे पाहिलं. तिथे, भर दुपारी, बल्ब ढणढणत होता. त्यांनी कागद सुनेच्या हाती दिला आणि कमर धरून पायऱ्यांकडे निघाले.

सुनेने वाचलं :

'अहो, किती वेळा सांगू? जिन्यातला दिवा तेवढा बंद करा.'