बेलापुरात टांगलेली टोरांटोची वेळ

मी भिंतीवरचं घड्याळ आहे आणि आज माझं टाळकं सटकलंय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा.

घाटावरच्या बेलापुरात चांदभाईंच्या घरी दोन घड्याळं आहेत. दुसरं इथली वेळ दाखवतं. मी साडेनऊ तास मागं, टोरांटोची. त्यांचा मुलगा जीशान तिकडे नोकरीला निघाला, तेव्हा त्यानंच मला विकत आणलं, काटे मागं फिरवले आणि आईला म्हणाला, “अम्मी, हे बघून फोन करत जा.” एवढंच! बाकी काही समजावलं नाही शहाण्यानं.

चांदभाईंची हयात टेम्पोवर गेलेली. मोसंबी भरायची, मुंबई गाठायची. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, वजाबाकी केली की झाला प्रवास. पोराच्या तिकिटावर होतं : मुंबई पहाटे तीन, टोरांटो त्याच दिवशी दुपारी चार. यांनी तिथंच वजाबाकी केली.

“तेरा तास! लई लांब न्हाई गं शरिफा. घाटात अडकलो की मला बी एवढंच लागायचं.”

अहो, ते चार टोरांटोचे, तुमचे नव्हेत! बारा हजार किलोमीटरच्या वर अंतर, मध्ये एक विमान बदलायचं. पोरगं बावीस तासांवर गेलं होतं. मी समोर टांगलेलो, पण मला विचारतंय कोण?

मग चांदभाईंची छाती भरून यायला लागली. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. शरिफाबींनी फोन हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“तिकडं रात्र हाय. झोपलं आसंल पोरगं.”

संध्याकाळी परत बघितलं. “आता कामावर निघाला आसंल.”

“कशाला घाबरवतीस त्याला?” चांदभाई खाटेवरून म्हणायचे. “लागलंच तर बोलवू. सकाळी निघाला की रात्री हितं.”

आठवडाभर हेच! माझ्याकडे बघायचं आणि फोन खाली ठेवायचा. संताप संताप झाला माझा. काटे उपटून फेकावेत असं वाटायचं.

शुक्रवारी सकाळी चांदभाई गेले. तेव्हा कुठे फोन लागला.

“अम्मी, मी निघतो. अब्बांचं तोंड बघू दे मला. थांबा!”

“थांबतो की. रातच्याला पोचशील ना?”

“उद्या रात्री, अम्मी.”

“आरं, पण तू तर तेरा तासात गेल्तास!”

पलीकडून नुसतं रडणं आलं. शरिफाबींनी अंगणात जमलेल्यांकडे बघितलं. मयत ताटकळत ठेवायची नाही, ही रीत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. “दुपार कलली की अस्रच्या नमाजनंतर माती द्या,” त्या म्हणाल्या.

जीशान आला, कबरीवर जाऊन आला, माझ्याखाली बसला. “अम्मी, आठवडाभर एक फोन का नाही केलास?”

त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “तूच म्हन्ला हुतास, हे बघून करत जा.”

त्यानं मला खाली काढलं, काटे इथल्या वेळेवर फिरवायला लागला. शरिफाबींनी त्याचा हात धरला.

“राहू दे. तुला परत जायाचंच हाय.”

आता पुन्हा त्याच खिळ्यावर आहे मी. तुमचं कुणी परदेशात असेल, तर माझ्यासारख्याकडे बघत बसू नका. फोन लावा. झोपलं असेल तर उठवा त्याला!