लेकीच्या गळ्यात आईचं मंगळसूत्र

बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर उतरल्या उतरल्या मथुराबाईने लेकीला एका बंद दुकानाच्या आडोशाला ओढलं, स्वतःच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढलं आणि हिमानीच्या गळ्यात अडकवलं. नवरा धडधाकट असताना गळा मोकळा करायचा म्हणजे काय, ते बाईच्या जिवालाच ठाऊक. पण ती इतकी दमली होती की अपशकुनाला घाबरायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने पदर मानेभोवती लपेटला आणि चालू लागली.

हिमानी कॉलेजात शिकणारी, बिनलग्नाची. कित्येक महिने तिचं पोट दुखत होतं आणि आता बेंबीखाली फुगीर दिसायला लागलं होतं. गावातल्या, फोपनारच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या, मावशीने ओवा दिला, कुणी नजर उतरवली. शेवटी डॉक्टर म्हणाला, सोनोग्राफी करा, आणि मथुराबाईने धसकाच घेतला. सोनोग्राफीला कशासाठी जातात, हे काय गावाला सांगावं लागतं?

पूर्वी पोरी महिन्याच्या महिन्याला बाजूला बसायच्या, आईला न विचारता कळायचं. आता कोण बसतंय? पोर घरभर हिंडते आणि आई आपली अंदाज बांधत बसते. मथुराबाईने नको तोच अंदाज बांधला होता. 'मम्मी, ऐसा कुछ नहीं है,' असं हिमानीने दहादा सांगितलं. आई हो म्हणायची आणि रात्रभर कूस बदलायची. निदान लग्न झालेली दिसली तर सेंटरात कोणी वळून बघणार नाही, एवढीच तिची अक्कल चालली होती.

सोनोग्राफीवाली डॉक्टर तेजस्विनी सकाळपासून पोटं तपासून आंबली होती. पडद्यापलीकडे बायांची रांग संपत नव्हती.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"दोन," मथुराबाईने ठोकून दिलं. हिमानीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

डॉक्टरने पोटावर थंडगार जेल लावलं आणि यंत्र फिरवलं. मथुराबाईला मशीनवर नुसतं धुकं दिसत होतं. डॉक्टर मात्र पुन्हा पुन्हा एकाच जागी दाबत होती.

"इथे काहीतरी चमकतंय आणि त्याच्यामागे सगळा अंधार. गॅसही असाच दिसतो आणि एका जातीची गाठही अशीच दिसते. वरून कळत नाहीये. लघवी करून ये, आतून बघू."

"आतून म्हंजे?"

डॉक्टरने हातमोजे चढवता चढवता यंत्र कुठून घालायचं ते सांगितलं.

हिमानीने पलंगाची कड घट्ट धरली. ती आईकडे बघत राहिली. बोलावं तर पडद्यापलीकडे सगळं ऐकू जाणार. आणि त्याच क्षणी तिच्या मनात एक घाण विचार येऊन गेला: पोर खोटंच बोलत असेल, तर आता काय फरक पडतो? त्या विचाराची तिची तिलाच किळस आली.

"थांबा बाई!" ती ओरडलीच. पलीकडची कुजबुज बंद झाली. "लगन नाही झालं पोरीचं. मंगळसूत्र माझं आहे. मीच घातलं."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसली. तिने मोजे काढून टाकले. तिला रागवायलाही उसंत नसावी.

"मावशी, असं करत जाऊ नका हो. माझ्या हातून काही झालं असतं म्हणजे?" मग ती हिमानीला म्हणाली, "बाहेर बस, भरपूर पाणी पी. लघवीला जाऊ नकोस. लघवीची पिशवी भरली की वरूनच नीट दिसेल."

दोघी बाकावर बसून राहिल्या. हिमानी पाणी पीत होती. बाया बघत होत्या, आणि मथुराबाई त्यांना बघू देत होती.

दुसऱ्या वेळी डॉक्टरने घाई केली नाही. कुशीवर वळवून, दाबून, सरकवून बघितलं आणि मशीन त्यांच्याकडे फिरवलं.

"ही चरबी. या बारीक रेघा म्हणजे केस. आणि हा ठिपका, ज्याच्यामागे सावली पडतेय ना, तो बहुतेक दात."

"दात!" मथुराबाई मशीनवर वाकली. "मंग लेकरूच की!"

"नाही हो. अंडाशयातली गाठ आहे, डर्मॉइड म्हणतात. कुमारिकेला होते, लहान पोरीलाही होते. यात कुणा पुरुषाचा संबंध नसतो. गर्भपिशवी रिकामी आहे, ही बघा. गाठ साधीच वाटतेय, पण मोठी झालीय. पीळ पडायच्या आत काढून घ्या, मग अंडाशयही वाचेल."

मथुराबाईला रडू फुटलं. सुटल्याचं होतं आणि लाजेचंही.

बाहेर आल्यावर हिमानीने मंगळसूत्र काढलं आणि आईपुढे धरलं. मथुराबाईला हूक काही लागेना. शेवटी हिमानीनेच मागे जाऊन तो लावला.

"मशीनवर दिसलं तवा पटलं ना तुला," ती मागूनच म्हणाली. "मी इतके दिवस तोंडानं बोलत होती, मम्मी."

मथुराबाईने मागे वळून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. घरधनी होते.

"काय निंघालं?"

गाठ, ऑपरेशन, सगळं सांगायचं होतं. पण लेक मागे उभी राहून ऐकत होती.

"आपली पोर खरं बोलत होती," मथुराबाई म्हणाली. "बाकीचं घरी येऊन सांगते."